बिळातली माती

ते साल घुशींचं होतं. सुगी आटोपली, शेतं उघडी पडली आणि रानातल्या घुशी पाहुण्यांसारख्या घराघरांत शिरल्या. आणि पाहुण्यांसारख्याच, जायचं नाव काढीनात. कोणाच्या पोत्याला भोक, कोणाच्या चुलीमागं बीळ. बायका पाण्यावर भेटल्या की आधी घुशींची विचारपूस व्हायची, मग पोराबाळांची.

थोरलीच्या घरात घूस कोणाला दिसली नव्हती. ती नुसती ऐकू यायची.

आणि तीही भर दुपारी. माणसं कामावर गेलेली, गल्ली ओस, उन्हानं कौलं तापलेली. अशा वेळी आतल्या खोलीतून आवाज यायचा. कर्र, कर्र. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा कर्र. घूस कुरतडते तेव्हा तिला धीर नसतो. ती हावरटासारखी, घाईनं कुरतडते. हा आवाज तसा नव्हता. कोणीतरी एक घास घ्यावा, तो सावकाश चघळावा आणि मग दुसरा घ्यावा, असा तो होता. थोरली हातातलं काम टाकून कान द्यायची, तर आवाजही थांबायचा. जणू तोही तिच्याकडे कान देऊन बसला होता.

आवाज यायचा मधल्या भिंतीतून.

ही मधली भिंत सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. घर मूळचं एकच, लांबलचक. सासरा मातीच्या भिंती घालणारा गवंडी. त्याच्या हातची भिंत पावसाला भीक घालत नसे. त्याच्या माघारी दोघा भावांत भांडण झालं ते जमिनीवरून नाही की भांड्याकुंड्यांवरून नाही, बापाच्या दोन अवजारांवरून. थोरल्यानं बापाची पहार ठेवून घेतली, धाकट्यानं ओळंबा लांबवला. आता एकाला भिंत पाडता येत होती, दुसऱ्याला सरळ उभी करता येत होती, आणि एकट्यानं धड घर बांधणं दोघांनाही जमत नव्हतं. तरी दोघांनी मिळून एक शेवटचं काम केलं. घराच्या मधोमध आढ्यापर्यंत भिंत घातली आणि बोलणं टाकलं. थोरल्याचं दार पुढच्या गल्लीत, धाकट्याचं मागच्या. एका दारातून दुसऱ्या दारात जायचं तर सगळ्या आळीला वळसा पडे. तो वळसा कोणी घालत नसे.

दोन्ही घरांत एकेक पोर. भिंत उभी राहिली त्याच वर्षी दोघी जन्मल्या. थोरलीची लहानपणापासून इतकी बडबडी की तिचं नाव साळुंकी पडलं. धाकटीची इवलीशी, काळसर, सारखी काहीतरी गोळा करणारी, ती मुंगी. आता दोघी वयात आल्या होत्या.

साळुंकी मात्र वर्षभरात गप्प झाली होती. चार पावलं चढली की तिला दम लागायचा. नखं कागदासारखी पांढरी पडली होती. घागर कमरेवर घेतली की वाटेत दोनदा टेकवायची. ताटावर बसली की भाताची शितं मोजत बसायची.

"दोन घास खा गं, वाऱ्यानं उडून जाशील," थोरली म्हणायची.

"भूक नाही."

"भूक नाही म्हणे! मग जगतेस कशावर? हवा खाऊन?"

साळुंकी हसायची. पण तोंड मिटून. अलीकडे ती तोंड मिटूनच हसायची.

एका दुपारी मायलेकी सोप्यात धान्य निवडत बसल्या होत्या आणि आत आवाज सुरू झाला. कर्र. कर्र.

"ऐक, जेवायला बसली तुझी मावशी," थोरली हळूच म्हणाली.

साळुंकीनं मान वर केली नाही. पण तिचा हात सुपात थांबला आणि तिनं आवंढा गिळला. पक्वान्नाचा वास आल्यावर गिळावा तसा.

थोरलीनं ते पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं. तिच्या डोक्यात घूस होती. आणि माणसाच्या डोक्यात एकदा घूस शिरली की दुसरं काही शिरायला जागा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ती खाणीवर गेली. खाण म्हणजे आळीच्या टोकाचा खड्डा. घरं सारवायला, पोतेरं करायला सगळे तिथूनच पांढरी माती आणत. खड्ड्याच्या काठावर आळीतल्या पोरी सावलीला कोंबड्या बसाव्यात तशा बसल्या होत्या. साळुंकीच्या वयाच्या सगळ्या. पोरी एकत्र बसल्या की किती कलकलाट असतो! पण या एकमेकींकडे न बघता, समोर बघत बसल्या होत्या. थोरलीची चाहूल लागली तशी सगळ्यांनी एकदमच ओठांवरून हात फिरवला.

"काय गं, कोणाचं लग्न ठरवताय?" थोरलीनं विचारलं.

कोणी हसलं नाही. शिंप्याच्या पोरीनं फक्त मान हलवली. सगळ्या तिच्या टोपलीकडे बघत होत्या. थोरलीनं कुदळ मारली, ओलसर ढेकूळ सुटलं आणि त्याचा तो ताजा वास वर आला. पोरींच्या नाकपुड्या फुलल्या. का कोण जाणे, थोरलीनं टोपली अर्धीच भरली आणि ती झपाझपा घरी आली.

दुसऱ्या सकाळी नवऱ्याला बोलावून तिनं आतल्या खोलीतली धान्याची रिकामी कणगी सरकवली. कणगीमागं, भिंतीत, बीळ होतं.

बीळ म्हणावं तर ते जमिनीलगत नव्हतं. जमिनीपासून हातभर वर होतं. बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल इतकं. आत एक अख्खा तांब्या मावला असता. आणि कडा? कडा कशा गुळगुळीत, चाटून पुसून ठेवलेल्या वाडग्यासारख्या.

"घूस खालून पोखरते ना?" थोरली म्हणाली. "ही मधूनच?"

"यंदाच्या घुशी शिकलेल्या आहेत," नवरा म्हणाला. त्यानं बोट आत फिरवलं. "बापानं शिकवलेल्या हातांची भिंत. कुदळीला दाद देत नाही आणि बघ. तिकडून सोडली असणार."

"घूस काय कोंबडी आहे, सोडायला?"

"त्यांचं काही सांगता येत नाही."

"मग त्यांना सांगायला हवं. भिंत दोघांची आहे. उद्या खचली तर आढं दोघांच्या डोक्यात पडेल."

"पडू दे," तो म्हणाला. "मी बोलणार नाही. तूही बोलायचं नाहीस." आणि पहार भिंतीला टेकवून तो खळ्यावर निघून गेला.

थोरलीनं दुकान गाठलं. दुकानदारानं काळ्या भुकटीची पुडी बांधता बांधता नेहमीचा विनोद केला, "वहिनी, नवऱ्यावर राग असला तर आज सांगा, पुडी उद्या देतो." मग गंभीर होऊन म्हणाला, "हात धुवा नीट. भांड्याकुंड्याला लावू नका. घुशीनं चाटली तरी संपते."

घरी येऊन तिनं अंगणात माती भिजवली. भुसा घातला, पदर खोचला आणि तुडवायला लागली. पायाखाली माती आधी हट्ट धरते, मग हळूहळू लोण्यासारखी होते. वास सुटला. त्या वासाबरोबर तिला मागचं सगळं आठवलं.

मधल्या भिंतीची माती तिनं आणि धाकटीनं अशीच तुडवली होती. दोघींना दिवस गेलेले. नवरे तिकडे तोंडं फिरवून पाया खणत होते आणि या दोघी एकमेकींचे खांदे धरून गोल गोल पाय टाकत होत्या. तुडवता तुडवता धाकटीनं खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि तोंडात टाकली. थोरलीनं बघितलं. धाकटी चोरासारखी थबकली. मग थोरलीनंही वाकून चिमूट उचलली. आणि दोघी इतक्या हसल्या की पाय घसरून चिखलात बसल्या. "कोणाला सांगू नको हं," धाकटी म्हणाली होती. ते तिचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी भिंत उभी राहिली.

"आई, मी तुडवू?"

साळुंकी दारात उभी होती. चौकट धरून. तिची नजर आईच्या पायांवर होती. पायांवर नाही, पायांखाली.

"नको. दम लागतो तुला. बाबांचा डबा खळ्यावर पोचव जा."

साळुंकी हलली नाही.

"जा म्हटलं ना!"

पोर गेली. मग थोरलीनं पुडी सोडली. काळी भुकटी मातीत मिसळली, एका काठीनं घोटली, काठी चुलीत टाकली. गोळे करून ती बिळापाशी बसली आणि हाताला फडकं गुंडाळून एकेक गोळा आत दाबू लागली. आतून गार हवा यायची. बीळ लांबवर गेलं असेल, असं ती मनाशी म्हणाली. शेवटचे गोळे तिनं खोल रेटले. आणि एक गोळा तिच्या बोटांतून निसटला. पडला नाही. हलकेच, कोणी मागून घ्यावा तसा आत गेला.

थोरलीनं हात मागं घेतला. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तोंड असावंसं वाटलं.

मग तिनं स्वतःलाच वेड्यात काढलं, वरून हात फिरवून भिंत सारखी केली, हात खसाखसा धुतले, कणगी जागेवर सरकवली आणि खळ्याची वाट धरली. वाटेत साळुंकी परत येताना भेटली.

"घरीच राहा. ऊन लागेल," थोरली म्हणाली. औषधाचं काही बोलली नाही. घुशीचं औषध पोरीला कशाला सांगायचं? पोर काय भिंत खाते?

खळ्यावर वारा चांगला होता. बायका रांगेनं उभ्या राहून उफणत होत्या. सुपातून धान्य सरळ खाली, भुसा तिरका पलीकडे. धुळीनं सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. बोलणं अर्थात घुशींचंच.

"माझ्या घरात तर रोज टोपलीभर माती निघते," न्हाव्याची बायको म्हणाली. "सकाळी उठून बघावं तर बिळाच्या तोंडाशी हा ढीग! घूस झाली की मजूर?"

"आणि माझ्याकडं! सारवलेल्या जमिनीवर डोंगरच उभा केलाय मेलीनं. मी म्हटलं, बाई, एवढी खणतेस तर विहीर तरी खण."

सगळ्या हसल्या. थोरलीही हसली. मग तिचं सूप हळूहळू खाली आलं.

तिच्या घरात कधीच ढीग नव्हता.

भिंतीत तांब्या मावेल एवढं बीळ, आणि जमिनीवर चिमूटभर माती नाही. रोज ती स्वतः ती खोली झाडत होती. घूस माती खात नाही. ती उकरते आणि बाहेर टाकते. मग या बिळातली माती गेली कुठं?

तिला सुपावरचा तो थांबलेला हात दिसला. मिटलेल्या तोंडानं हसणं दिसलं. खाणीच्या काठावरच्या पोरी दिसल्या, एकदम ओठ पुसणाऱ्या.

"अगं, कुठं निघालीस? सूप तर..."

थोरली पळत होती. सूप कुठं पडलं, पदर कुठं गेला, तिला भान नव्हतं. ऊन डोक्यावर आलं होतं. गल्ली ओस होती. दाराशी येताच तिनं ऐकलं.

कर्र. कर्र.

आतल्या खोलीत कणगी सरकवलेली होती. साळुंकी भिंतीसमोर मांडी घालून बसली होती. बिळाच्या कडेची कोरडी माती तिनं नखानं काढून तळहातावर घेतली होती आणि ती दातांखाली धरून सावकाश चावत होती. डोळे मिटलेले. चेहरा असा शांत, की तशी शांती थोरलीनं त्या घरात कोणाच्याच तोंडावर पाहिली नव्हती.

थोरलीनं तिचा जबडाच धरला. बोट आत घातलं, होतं नव्हतं ते काढलं. "ओली खाल्लीस? ही ओली खाल्लीस का? बोल!"

"नाही," साळुंकी घाबरून म्हणाली. "ओली मला नाही आवडत. मला वाळलेली आवडते. करकरीत."

"देवा!" थोरलीनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचा ताजा गिलावा जसाच्या तसा होता. पोरीचा हात कडेलाच लागला होता.

"ओली मुंगीला आवडते," साळुंकी म्हणाली.

"कोणाला?"

"मुंगीला. ती तिकडून खाते, मी इकडून. मागं लिंबाएवढं भोक पडलंय. कधी ती मला तिकडची देते, कधी मी इकडची देते." साळुंकी पुन्हा गोड, मिटलेलं हसली. "दुपारीच खातो. दोघी एकदम. मघाशी भिंतीतून म्हणाली, तुझ्या आईनं मला ओला गोळा दिला."

थोरलीला तो गोळा बोटांत जाणवला. मागून घेतल्यासारखा.

दाराकडून जायचं तर आळीचा वळसा. तिनं भिंतीवर दोन्ही तळहात आपटले.

"धाकटे!"

किती वर्षांनी हा शब्द त्या घरात उमटला. पलीकडे भांडं वाजत होतं, ते थांबलं.

"धाकटे, मुंगी कुठं आहे? तिच्या तोंडात बघ! भिंतीत औषध आहे, घुशीचं औषध!"

पलीकडे पावलं वाजली आणि थबकली. बोलणं टाकलेलं माणूस सहज बोलत नाही. त्याला आधी स्वतःचीच परवानगी घ्यावी लागते. पण तेवढा वेळ नव्हता. थोरलीनं भिंतीला टेकलेली पहार उचलली. सासऱ्यानं शिकवलेल्या हातांची भिंत कुदळीला दाद देत नव्हती म्हणे. पण दोन पोरींनी ती दोन्हीकडून खाऊन कागदासारखी केली होती. पहिल्याच घावात पहार आरपार गेली, दुसऱ्या घावात ढेकळं सुटली, तिसऱ्यात भिंतीचा एक पट्टा धाडकन कोसळला आणि खोली धुळीनं भरून गेली.

धूळ खाली बसली तेव्हा समोर धाकटी उभी होती. केस पिकलेले. थोरलीला वाटलं, ही इतकी म्हातारी कधी झाली? धाकटीलाही तेच वाटलं असणार.

तिच्या पायाशी, भगदाडाच्या बाजूला, भिंतीच्या उरलेल्या भागाला पाठ टेकून मुंगी बसली होती. एक गाल फुगलेला.

थोरली ढिगाऱ्यावरून पलीकडे गेली. "थुंक! गिळू नको, थुंक!"

मुंगीनं मान हलवली. तिला ते सोडवेना. थोरलीनं तिची हनुवटी धरली, गालात बोट घातलं आणि गोळा बाहेर ओढला. बराचसा शाबूत होता. मुंगी माती गिळत नसे, गालात धरून ठेवत असे. दुपारभर विरघळत राहावी म्हणून. तो गोळा काढला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तान्ह्या पोराच्या तोंडातून दूध काढून घ्यावं तसं.

"काय घातलंस तिच्या तोंडात?" धाकटी किंचाळली. "पहिल्यांदा बोललीस ती हे सांगायला? माझ्या पोरीला मारायला निघालीस?"

"मला घूस वाटली गं."

"घूस! माझी पोर घूस वाटली!"

"मला माहीत नव्हतं..."

"भिंतीतून हात घालून विष देते आणि माहीत नव्हतं म्हणते!"

थोरलीनं मुंगीचं तोंड फडक्यानं पुसलं आणि तिला पाठुंगळी घेतलं. धाकटी शिव्या देत मागं, साळुंकी धापा टाकत त्याहून मागं, अशी ती वरात मागच्या गल्लीतून निघाली. दारादारांतून माणसं बघत होती. लाकूड वाहणाऱ्या गाडीवाल्यानं गाडी थांबवली आणि सगळ्यांना दवाखान्यात पोचवलं. वाटभर मुंगीच्या तोंडाला लाळ येत होती, आणि वाटभर धाकटी एकच वाक्य म्हणत होती, "हिला काही झालं तर बघ."

दवाखान्यातल्या नर्सबाईनं पुडीचं नाव विचारलं, बाकीच्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. दोघी जावा बाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना बसल्या. मध्ये साळुंकी. दोन्ही भाऊ आले, बाकाच्या दोन बाजूंना उभे राहिले. "पोरीनं खाल्ली ती खाल्ली, तूही माती खाल्लीस," थोरलीचा नवरा दबक्या आवाजात म्हणाला. ती खाली बघत राहिली. तिच्या नखांत अजून भिंत होती.

दिवस कलला तेव्हा दार उघडलं.

"वेळेवर आणलीत," नर्सबाई म्हणाली. "पोटात फार गेलं नाही. दोन-तीन दिवस इथंच राहू दे." मग तिनं साळुंकीचा हात घेऊन नखं पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली. "हिच्या अंगातही रक्त नाही. गोळ्या देते, रोज घ्यायच्या. रक्त भरलं की ही ओढ कमी होते. खाते ना हीसुद्धा?"

थोरलीनं मान हलवली.

"अजून किती जणी आहेत तुमच्याकडं?"

साळुंकीनं सावकाश मान वर केली.

"सगळ्या," ती म्हणाली.

मुंगी जगली. चौथ्या दिवशी घरी आली, पेज मागून प्यायली. नर्सबाई आळीत आली, पोरींना ओळीनं बसवून तिनं प्रत्येकीची जीभ पाहिली आणि गोळ्या वाटल्या. खाणीच्या काठावर आता बायका आळीपाळीनं लक्ष ठेवत. औषधाची माती थोरलीनं एकटीनं, ढेकूळ न् ढेकूळ वेचून, लांब नेऊन खोल पुरली. तिला मदत करायला कोणी आलं नाही. पाण्यावर गेली की बायका घागरी थोड्या बाजूला सरकवत. जावेनं जावेच्या पोरीला विष घातलं, ही गोष्ट घुशीच्या गोष्टीपेक्षा रंगतदार होती. आळीनं तीच ठेवून घेतली.

मधल्या भिंतीला मात्र भलंमोठं भगदाड होतं. त्यातून एका घरचा धूर दुसऱ्या घरात जायचा. रात्री कोण खोकलं, कोणाचं कशावरून वाजलं, सगळं उघडं.

"बुजवून टाकू," थोरल्याचं म्हणणं.

"बुजवायलाच हवं," पलीकडून धाकटा म्हणाला, आढ्याशी बोलल्यासारखा.

थोरल्यानं भगदाडाच्या कडा चाचपल्या. बराच वेळ चाचपल्या. मग तोही आढ्याशीच बोलला, "नुसतं बुजवलं तर जोड धरणार नाही. चौकट बसवली तर धरेल. पण चौकट म्हटलं की ओळंबा लागतो."

पलीकडे पेटी उघडल्याचा आवाज आला.

माती तुडवायची ती बायकांनीच. थोरलीनं ढिगाऱ्यातली चांगली माती चाळली, भिजवली आणि पदर खोचून एकटीच आत उतरली. तिला कोणाची अपेक्षा नव्हती. दोन-तीन फेरे झाले असतील, तेव्हा पलीकडून भगदाड ओलांडून धाकटी आली. काठावर उभी राहिली. तुडवायला उतरली नाही.

"यात काय घातलंयस?" तिनं विचारलं.

दोन्ही भावांचे हात थांबले.

"काही नाही. भुसा आणि पाणी," थोरली म्हणाली.

"तेव्हाही वरून मातीच दिसत होती."

थोरलीचा चेहरा उतरला. धाकटी वाकली. तिनं त्या चिखलातून चिमूटभर माती उचलली आणि हात पुढं केला.

"खाऊन दाखव."

नवरा काहीतरी म्हणायला पुढं झाला; थोरलीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती धाकटीकडे बघत होती. धाकटीचा हात मागं जात नव्हता. थोरलीनं वाकून, त्या हातावरूनच, ओठांनी माती उचलली.

थंड. थोडी खारट. पहिल्या सरीनंतरच्या वासाला चव असावी तशी. ती जिभेवर पसरली आणि थोरलीचे डोळे आपोआप मिटले. गिळून टाकायची, दाखवायची, संपवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण तिला ती गिळवेना. तिनं ती गालात धरली. मुंगीसारखी.

डोळे उघडले तेव्हा धाकटी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग तीही वाकली. तिनं दुसरी चिमूट उचलली, तोंडात टाकली, पदर खोचला आणि चिखलात उतरली. थोरलीच्या खांद्याला तिचा हात लागला. दोघी गोल गोल पाय टाकू लागल्या. बोलल्या नाहीत. तोंडं भरलेली होती.

भगदाडाच्या उंबऱ्यात साळुंकी आणि मुंगी शेजारी शेजारी बसल्या होत्या, गोळ्या घेतलेल्या, हात मांडीखाली दाबून धरलेल्या. त्या आयांकडे बघत होत्या. दोघींनी एकदमच आवंढा गिळला.